आबांच्या उशाचा स्पीकर

आबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी कोरेगावच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि आई घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी चालवत होती. भाऊ फौजेत, वर्षातून एकदा रजेवर यायचा. त्यामुळं घरात माणसं तीनच, आणि त्यातलं एक अंथरुणाला खिळलेलं. त्या काळातलं सगळं मला आता आठवत नाही. आठवतो तो थकवा. शाळेतून परतताना दारातल्या पायरीवर जरा टेकावंसं वाटायचं, आणि टेकलं की उठायला नको वाटायचं. आत आबांना कुशीवर वळवायचं असायचं, अंग पुसायचं असायचं, पाणी भरायचं, भाकरी टाकायच्या. ते सगळं माझी वाट बघत बसलेलं असायचं.

आबा मूळचे सांगली जिल्ह्यातले, आटपाडीच्या अंगाचे. घरची मेंढरं. वडील-चुलते पावसाळा सरला की कळप घेऊन खाली यायचे, तसे आबाही पोरवयात हिंडलेले. मग फौजेत भरती झाले, तोफखान्यात राहिले, आणि सुटून आल्यावर आईचं माहेर जवळ म्हणून कोरेगावात घर केलं. तोफांच्या आवाजानं त्यांचा उजवा कान कामातून गेलेला होताच. झटक्यानं उजवा हात-पाय गेला आणि जीभ जड झाली. त्यांचं बोलणं फक्त आम्हा दोघींना कळायचं. डावा कान तेवढा शाबूत राहिला, आणि त्या कानाला दिवसाकाठी एकच गोष्ट हवी असायची. संध्याकाळी रेडिओवर सांगली केंद्र.

पुणं आमच्याकडं स्वच्छ लागायचं. सांगली लांबून यायची, काटा केसभर सरकला की गेली. पण पुण्याचं बोलणं त्यांना पुस्तकातलं वाटायचं. सांगलीवर संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम असायचा. त्यात दोघं-तिघं पारावर बसल्यासारखी बोलायची, बाजारभाव सांगायची, पाऊसपाणी सांगायची, आणि कधीमधी धनगरी ओव्या लागायच्या. ओव्या लागल्या की आबा डोळे मिटून घ्यायचे. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. गावाकडची किती मेंढरं जगली, कोण कुठं खडी फोडायला गेलं, हे त्यांना कुणी येऊन सांगणारं नव्हतं. रेडिओ तरी ते थोडंच सांगणार होता. पण आवाज तिकडचा होता.

अडचण अशी की रेडिओ माजघरातल्या फळीवर आणि आबा गिरणीच्या शेजारच्या खोलीत. रेडिओ जुना, मोठा, विजेवर चालणारा. त्याची एरियल छपरावरून माजघरातच उतरलेली. आबांना माजघरात हलवावं, तर आईला ते दिसले नसते. तिनं त्यांचा पलंग मुद्दाम असा लावला होता की गिरणीत धान्य ओतताना मान वळवली की दारातून त्यांचं तोंड दिसावं. घशात काही अडकलं, तहान लागली, तर त्यांना हाक मारता येत नव्हती. ते डावा हात वर करायचे.

शाळेच्या कामानं साताऱ्याला गेले होते तेव्हा एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी हे सांगितलं. दुकानदार म्हणाला, "बाई, रेडिओ हाय तिथंच ऱ्हाऊ द्या. आवाज तेवढा घिऊन जावा." त्यानं प्लायवूडच्या पेटीत एक स्पीकर बसवून दिला, पुढं तपकिरी कापड, मागं लांब वायर. एस.टी.त ती पेटी मांडीवर घेऊन मी कोरेगावला आले. आमच्या गल्लीतल्या वायरमननं ती वायर रेडिओच्या पाठीमागं जोडली आणि भिंतीवरच्या लाकडी पट्टीवरून, गिरणीची मोठी वायर जिथून जात होती तिथूनच, बारीक खिळ्यांसारख्या चुका मारत आबांच्या खोलीत आणली. दोन्ही वायरी एका पट्टीवर, दिसायला नीटनेटकं. पेटी आम्ही उशाजवळच्या स्टुलावर ठेवली. स्टुलावर टेबलफॅनही होता, तो जरा मागं सरकवला.

दुपारची वेळ होती, गिरणी बंद होती. मी रेडिओ लावला आणि धावत आबांच्या खोलीत आले. कुणीतरी बाई बोलत होती, अगदी स्वच्छ. आबांनी डावा हात उचलून पेटीच्या कापडावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

संध्याकाळी आईनं गिरणीचा खटका ओढला आणि सांगली गेली. म्हणजे पुरती गेली नाही. आधी पेटीतून जोराची खरखर झाली, मग घूंऽऽ असा सलग आवाज सुरू झाला आणि त्याखाली माणसं बोलतायत एवढंच समजायचं. काय बोलतायत ते नाही. आवाज मोठा केला तर घूं पण मोठं व्हायचं.

संध्याकाळ हीच आईच्या कामाची वेळ. बायका रानातून यायच्या, डबे-पाट्या घेऊन दारात उभ्या राहायच्या. रात्रीच्या भाकरीचं पीठ घरी नसायचं कित्येकींच्या. तरीही पहिल्या दिवशीच आईनं गिरणी थांबवली. पदरानं तोंडावरचं पीठ पुसत ती बाहेर जाऊन म्हणाली, "जरा दम धरा गं. आत रेडिओ लावलाय ह्यांच्यासाठी. गिरणीनं खरखर हुतीया."

"वैनी, चूल पेटवून आलीया मी," एक म्हणाली.

"कार्यक्रम सपला की पयलं तुझंच घालते."

मग रोजचंच झालं. सांगलीचा कार्यक्रम सुरू झाला की गिरणी बंद, संपला की चालू. आई तेवढा वेळ आबांच्या पायाशी, पलंगाच्या कडेला बसायची. केसांत, भुवयांत पीठ. बायका ओट्यावर बसून बोलत राहायच्या. काही जणी कुरकुरायच्या, काही डबा उचलून खालच्या आळीतल्या गिरणीवर जायच्या. कार्यक्रम संपल्यावर आई उठायची आणि राहिलेली दळणं उरकेपर्यंत जेवायची वेळ टळून जायची. तोवर आबांना भरवणं, आवरणं, वह्या तपासणं माझ्याकडं. आम्ही दोघी जेवायला बसायचो तेव्हा एकमेकींशी बोलायचंही त्राण नसायचं.

मला वाटलं, हा आवाज एकदा गेला तर सगळंच सोपं होईल. आई वेळेत मोकळी होईल, मी वेळेत झोपेन. साताऱ्याचा दुकानदार कोरेगावला कुणाकडं येणार होता, त्याला घरी बोलावलं. त्यानं पेटीला कान लावला, भिंतीकडं बघितलं आणि म्हणाला, "अर्थिंग न्हाई तुमच्याकडं नीट. मग आवाज येणारच."

म्हणून परसात खड्डा खणला. त्यात मीठ आणि कोळसा घालून तांब्याची पट्टी पुरली, तिची तार गिरणीच्या मोटारीला जोडली. खड्ड्यात रोज पाणी ओतायचं, असं तो सांगून गेला. उन्हाळा होता, नळाला पाणी कमी यायचं. तरी मी रोज सकाळी त्या खड्ड्यात बादली ओतत होते. गिरणीच्या पत्र्याला हात लावला की आईला पूर्वी मुंग्या यायच्या, त्या थांबल्या, हे खरं. रेडिओतलं घूं मात्र तसंच राहिलं. पुढच्या वेळी भेटला तेव्हा दुकानदार म्हणाला, "मग रेडिओच जुना झालाय." त्यापुढं मी त्याला विचारलं नाही.

एका रविवारी दुपारी मी आईला म्हटलं, "तू गिरणी चालू कर आणि मी सांगेन तशी बंद कर. बघू तरी आवाज येतो कुठनं."

"मोकळी फिरवायची न्हाई गिरणी, दगड झिजत्यात," ती म्हणाली. पण उठली. घरातली ज्वारी घेतली आणि थोडी थोडी ओतायला लागली.

मी आधी स्टुलावरचा फॅन बंद केला. घूं जरासं कमी झालं. फॅन स्टुलावरून उचलून पलंगाच्या पायथ्याशी नेला आणि चालू केला. तरी कमीच राहिलं. मग ट्यूबलाइट मालवली. त्या आवाजात एक बारीक चिरचिर होती, ती थांबली. ती वेगळी आहे हे तोवर मला कळलंच नव्हतं. पण मुख्य आवाज होता तो होताच. मग मी पक्कड घेऊन पट्टीवरच्या चुका उपसल्या आणि स्पीकरची वायर भिंतीपासून लांब, हातात धरली. घूं एकदम खाली गेलं. वायर पुन्हा गिरणीच्या वायरीजवळ नेली, पुन्हा वर आलं. मी दोनदा-तीनदा तसं करून बघितलं.

"काय झालं?" आईनं गिरणीतून विचारलं.

"सापडलं. दोन्ही वायरी एका पट्टीवर हायत, त्यानं हुतंय."

"मग काढ की."

"काढली. आता खरखर ऱ्हायलीय."

खरखर रेडिओतच येत होती. त्याचा प्लग गिरणीच्याच बोर्डावर होता आणि फळीही गिरणीच्या भिंतीला लागून. मी रेडिओ उचलून माजघराच्या पलीकडच्या भिंतीला, स्वयंपाकघराच्या दाराशी नेला, तिकडच्या प्लगला लावला, एरियल ओढून घेतली. आबा पडल्या पडल्या हे बघत होते. मधेच डावा हात वर केला. मी जवळ गेले.

"ऱ्हाऊ दे आता," ते म्हणाले. "दमलीस."

"झालंच, आबा."

स्पीकरची वायर मी स्वयंपाकघराच्या दारावरून, समोरच्या भिंतीनं फिरवून आणली. गिरणीच्या वायरीला ती एकाच ठिकाणी, आडवी ओलांडत होती. आईला म्हटलं, "आता टाक सगळी ज्वारी." गिरणी पूर्ण जोरात सुरू झाली. तिचा आवाज खोलीत येत होताच, तो कसा जाणार. पण पेटी आबांच्या चांगल्या कानाशी होती, आणि पेटीतून रविवारची गाणी स्वच्छ येत होती. मी खाली फरशीवर बसले. हाताला चुका टोचल्या होत्या, खांदे भरून आले होते. पण बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटलं.

त्या दिवसापासून गिरणी संध्याकाळी थांबवायची गरज राहिली नाही. बायका खूश झाल्या. खालच्या आळीला गेलेल्या परत आल्या. आई वेळेवर मोकळी व्हायला लागली. निदान मला तसं वाटत होतं. खरं तर दळणं वाढली होती आणि ती पूर्वीइतकीच उशिरा मोकळी होत होती.

आठवड्याभरात आबा रेडिओ नको म्हणायला लागले. मी सांगली लावायची, पेटी कानाशी सरकवायची, आणि ते थोड्या वेळानं हात वर करायचे. "बंद कर." पहिल्यांदा वाटलं, डोकं दुखत असेल. दुसऱ्या दिवशी तेच. ओव्या लागल्या होत्या त्या संध्याकाळीही तेच. मी दिवसभर वर्गात ओरडून आले होते, मला राग आला.

"आबा, एवढं सगळं केलं ते कुणासाठी? आता चांगलं ऐकू येतंय तर नको म्हणताय."

त्यांनी तोंड फिरवलं. भिंतीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ती वायर हुती तिथंच लाव."

"का?"

त्यांना जिभेवर शब्द आणायला वेळ लागायचा. मी थांबले. बाहेर गिरणी चालू होती, आई कुणाला तरी ओरडून सांगत होती की बाजरी आणि ज्वारी एकत्र आणू नका.

"खरखर हुती तवा ती येऊन बसायची," आबा म्हणाले.

मी रेडिओ बंद केला आणि स्वयंपाकघरात गेले. पीठ मळायला घेतलं. रडू आलं नाही, फार दमले होते. मनात आलं ते एवढंच, की आता हे आईला कसं सांगायचं. आमच्या घरात नवरा-बायकोबद्दल असं कुणी बोलत नसे. आबा आणि आई एकमेकांशी बोलायचे ते कामाचं. आबांचं सगळं आयुष्य छावण्यांत गेलेलं, आईचं त्यांच्याशिवाय संसार ओढण्यात. ते सुटून आले तेव्हा आई गिरणीत गुंतलेली होती. ते ओट्यावर बसायचे, ती आत असायची. पायाशी येऊन बसण्याइतका निवांतपणा तिला त्या खरखरीनं पहिल्यांदा दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपुढं चहा पीत बसली होती तेव्हा मी सांगितलं. वर न बघताच सांगितलं.

 आईनं कपातला चहा बशीत ओतला, फुंकर घातली, तसाच ठेवला.

"मला बी बसाय मिळायचं तेवढंच," ती म्हणाली. "पाय दुखत्यात माझं. सकाळधरनं उभी असते. तवा बसायचे तर कुणी काय म्हणायचं न्हाई. रेडिओसाठी बसलीया म्हणायचं."

"मग बस की आता पण. गिरणी तुझीच हाय."

"आन् बायकांना काय सांगू? नवऱ्यापाशी बसायचंय, म्हणून थांबा?"

मला हसू आलं. ती मात्र हसली नव्हती. तिनं बशी तोंडाला लावली, रिकामी केली आणि उठली. जाता जाता दारात थांबून म्हणाली, "खरखर परत आलीय म्हणावं. वायरी काय, आज हाय उद्या न्हाई."

त्या संध्याकाळी कार्यक्रमाच्या वेळी गिरणी थांबली. ओट्यावरची एक बाई मला म्हणाली, "बाई, तुमी तर नीट केलं हुतं न्हवं?"

"केलं होतं," मी म्हटलं. "पुन्हा यायला लागलाय आवाज."

"मग त्या साताऱ्याच्या माणसाला बोलवा की."

"बोलवते."

आत आबांच्या उशाशी सांगली स्वच्छ वाजत होती. इतकी स्वच्छ की कुणी खोलीच्या दारापर्यंत आलं असतं तर समजलं असतं. मी दार पुढं ओढून घेतलं. आई पलंगाच्या कडेला बसली होती, एका हातानं स्वतःचा गुडघा चोळत.  आबांचा डावा हात पेटीवर नव्हता, तो आईच्या बाजूला, गोधडीवर पडला होता. थोड्या वेळानं मी डोकावले तर आई बसल्या बसल्याच डुलकी घेत होती, आणि आबा तिच्याकडं बघत होते.

असं ते पुढं वर्षभराहून जास्त चाललं. कधी वीज जायची, तेव्हा गिरणीही बंद आणि रेडिओही बंद. तरी आई आत येऊन बसायची. कधी उसाची तोड चालू असली की टोळीच्या बायका दळणाला गर्दी करायच्या, तेव्हा एखादा दिवस चुकायचा. आबा त्या दिवशी जेवताना त्रास द्यायचे. माझं काम काही कमी झालं नाही. दळणं तशीच उशिरापर्यंत चालायची, मी तशीच डुलक्या काढत वह्या तपासायची. कधी कधी ओट्यावरच्या बायकांना तेच उत्तर देताना मला कंटाळा यायचा, आणि आत त्या दोघांना बसलेलं बघून थोडा हेवाही वाटायचा. माझ्यासाठी काही थांबत नव्हतं. पण मी पुन्हा वायरीला हात लावला नाही.

आबा गेले ते भाद्रपदात, भर दुपारी. आई गिरणीत होती. मान वळवून बघितलं तेव्हा त्यांचा हात वर नव्हता, म्हणून तिला आधी काही कळलंच नाही. भाऊ तार मिळून आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्यानं आईला विचारलं, माझ्याबरोबर येतेस का. ती नाही म्हणाली.

तेराव्यानंतर तिनं गिरणी पुन्हा सुरू केली, पण तिच्यात पूर्वीसारखा जोर राहिला नव्हता. गुडघे सुजायचे. धान्याची पाटी वर उचलताना ती दोनदा थांबायची. मी म्हणायची, बंद कर आता. ती म्हणायची, बंद करून काय करू. पुढच्या हंगामात मात्र एक दिवस आपणहून म्हणाली, "बघ कोण घेतंय का."

मलकापूरच्या एकानं गिरणी घेतली. माणसं आली, मोटार सोडवली, दगड उतरवले आणि सगळं ट्रकमध्ये घालून घेऊन गेली. पुढची खोली एकदम मोठी दिसायला लागली. फरशीत जिथं गिरणीचे बोल्ट होते तिथं भोकं राहिली होती, ती मी गवंड्याकडून सिमेंटनं बुजवून घेतली. भिंती झाडल्या तर किती तरी दिवस कोपऱ्याकोपऱ्यातून पीठ निघत राहिलं. सिमेंट वाळल्यावर आईनं तिथंच आपली बाज आणून टाकली. रस्त्याकडचं दार, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा आवाज, एस.टी.चे हॉर्न. मी म्हटलं, आत झोप, इथं झोप लागायची नाही तुला.

"लागती," ती म्हणाली. आणि खरंच लागायची. मी शाळेतून यायची तेव्हा ती बाजेवर गाढ झोपलेली असायची, आणि मी चप्पल हातात घेऊन आत जायची.